मोठ्या बाबांची मारुती ८०० : वायरिंगच्या प्रकल्प नोंदी

१९ मे २०२४

गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, एमएच-२९ पासिंग. मोठ्या बाबांनी (वडिलांचे थोरले भाऊ) दुसऱ्या हातातून घेतलेली. गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत.

ही गाडी आमच्या घरची असली तरी गावाची आहे. रात्री कोणाचं दुखलं, कोणाला विंचू चावला की माणसं मोठ्या बाबांच्या ओसरीवर येतात. १०८ ला फोन लावतातच, पण ती येईपर्यंत ही गाडी अर्ध्या रस्त्यात पोचलेली असते. मृग लागला की साप निघतात. पुढे कपाशीवर फवारण्या सुरू होतात, आणि २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात जे झालं ते इथे कोणी विसरलेलं नाही. म्हणून मुदत ठरवली : पाऊस लागायच्या आत गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली पाहिजे आणि रात्री रस्ता दिसला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

मोठ्या बाबांनी सांगितलेल्या तक्रारी, त्यांच्याच शब्दांच्या जवळपास : दोन दिवस उभी ठेवली की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) "टक" म्हणतो आणि बसतो. लाइट पिवळे. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. दारव्ह्याकडे जाताना शकुंतला रेल्वेच्या जुन्या फाटकाच्या उंचवट्यावर मागचे दिवे जातात, पाहावं तर फ्यूज उडालेला. भर उन्हात इंजिन एकदम बंद पडतं आणि थोडं थांबलं की जसं काही झालंच नाही असं सुरू होतं. उठता उठता म्हणाले, "अन् क्लच बी जड येऊन रायला बाप्पा. केबल बदलली तरी तसाच."

क्लचचंही लिहून घेतलं. तक्रार विजेची वाटो न वाटो, वहीत जागा सगळ्यांना.

आतापर्यंत बदललेलं सामान : बॅटरी, सेल्फ, क्लच केबल, हेडलाइटचे बल्ब. हजारो रुपये गेले. या सगळ्या काळात एकाही माणसानं गाडीला मीटर (व्होल्ट-करंट मोजायचा मल्टीमीटर) लावलं नाही, हे ऐकून मला मनापासून वाईट वाटलं. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. रोजचं काम विहिरीवरच्या मोटरी, स्टार्टर, पॅनेल बोर्ड. तिथे मोजल्याशिवाय मोटर वर काढत नाही, मग बारा व्होल्टच्या गाडीला वेगळा न्याय कशाला?

नियम एकच ठेवला : मोजून दोष सिद्ध झाल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

२० मे

सकाळी साडेपाचला सुरुवात. नऊनंतर बॉनेटला हात लावता येत नाही.

आधी बॅटरी. रात्रभर चार्जरवर होती. चार्जर काढून दोन तास थांबलो, मग मोजलं : १२.६५ व्होल्ट. झाकणं उघडून हायड्रोमीटर घातला. पाच कप्प्यांत ग्रॅव्हिटी (ॲसिडचा दाटपणा) १२४०, एकात १२३५. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी बॅटरीत ॲसिड मुळात थोडं पातळ भरतात, त्यामुळे १२४० म्हणजे भरलेली बॅटरी. हेडलाइट लावून दोन मिनिटं ठेवली तर १२.३ वर टिकली. बॅटरी उत्तम. निदान हिला तरी आता कोणी बदलणार नाही.

मग खरी परीक्षा. चुलत भावाला चावी दिली, ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढून ठेवली म्हणजे इंजिन पकडणार नाही, आणि सेल्फ फिरत असताना एकेक माप घेतलं.

बॅटरीच्या दोन खांबांवर १०.४ व्होल्ट. चांगलं, ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर संशय घेतला असता.
सेल्फच्या बोल्टवर आणि सेल्फच्या अंगावर मीटर लावलं तर ७.९.

अडीच व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होतात. बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.३. हे चालतं. बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिनच्या अंगापर्यंत २.२! दोष अर्थिंगचा.

मोठे बाबा खाटेवर बसून पाहत होते. "पन वायर तं जोडलेली दिसते नं?"

"दिसते, मोठे बाबा. पण वावराला पाणी कितीही सोडलं आणि निचरा नसला तर काय होते? जितका करंट प्लसमधून जाते तितकाच मायनसनं परत आला पाहिजे. परतीची वाट बुजली आहे."

ते काही बोलले नाहीत, पण चष्मा लावून जवळ आले.

गाडीखाली शिरलो. या गाडीत मायनसची वायर बॉडीला येते, आणि बॉडीवरून गिअरबॉक्सला एक विणलेली पट्टी जाते. ती पट्टी बोटांनी दाबली तर चुरा निघाला, हिरवा. अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या, बोल्टाखाली गंज आणि वर मातीचा थर. एवढ्यावर आजवर सेल्फ फिरला कसा?

उत्तर क्लचच्या केबलमध्ये होतं. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. इतक्या करंटला पट्टी पुरेना, तेव्हा तो जी धातूची वाट मिळेल तिनं परत येतो. गिअरबॉक्सपासून क्लच पेडलपर्यंत पोलादी केबल आहेच. चुलत भावाला सेल्फ सलग काही सेकंद मारायला लावला आणि केबलच्या टोकाला हात लावला : चटका. आतलं अस्तर वितळून तारेला चिकटत होतं, म्हणून क्लच जड. केबल नवी घातली तरी तीही याच वाटेनं जाणार होती. जड क्लच आणि न फिरणारा सेल्फ हा एकच दोष निघाला. ही गोष्ट जुन्या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

२२ मे

दारव्ह्याहून २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल आणली. बारीक तारांची असल्यामुळे इंजिनच्या थरथराटानं तुटत नाही. आमच्याकडे उरलेली सबमर्सिबलची केबल जिथे तिथे वापरायची सवय आहे. ती तांब्याची असली तरी कडक असते, हलत्या जागी टिकत नाही. वायरींच्या टोकांना तांब्याच्या थिंबल (बोल्टात अडकणारी टोकं) प्रेसिंग मशीननं दाबल्या.

दोन तुकडे : एक बॅटरी मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला, दुसरा गिअरबॉक्सपासून बॉडीला. दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासल्या. रंगावर कितीही कसून बोल्ट लावला तरी तो संपर्क नसतो. स्प्रिंग वायसर घालून कसलं, मग वरून पेट्रोलियम जेली. जेली नेहमी कसून झाल्यावर.

पुन्हा तीच मापं, सेल्फ फिरताना : बॅटरीवर १०.३, मायनस बाजूला ०.१५, प्लस बाजूला ०.३५, सेल्फला ९.८. दोन्ही बाजू मिळून अर्धा व्होल्ट, म्हणजे ठीक. जुनी क्लच केबल काढून नवी टाकली. हा बदललेला पहिला पार्ट, आणि कारण वहीत लिहिलेलं आहे.

इंजिन पहिल्या फेऱ्यात पकडलं. मोठी आई दारात येऊन म्हणाली, "आवाजच बदलला हो गाडीचा."

२५ मे

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला. आता सगळं काम पहाटे नाही तर रात्री.

आज प्रश्न असा : गाडी उभी असताना बॅटरी कोण पितं? चावी काढली, दारं लावली, बॉनेटखाली दिवा नाही हे पाहिलं. मायनसची वायर काढून खांब आणि वायर यांच्यामध्ये मीटर घातलं, दहा अँपिअरच्या खाचेत. (असं मीटर लावलेलं असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा.)

०.४० अँपिअर.

त्या काळातल्या या गाडीत कॉम्प्युटर नाही, काही नाही. टेपची मेमरी सोडली तर झोपेत तिनं काहीच घ्यायला नको. एकेक फ्यूज काढत गेलो. टेपचा काढल्यावर ०.३७. बाकी सगळे काढले, आकडा हलला नाही. मग ज्यांच्या वाटेत फ्यूजच नाही ते उरले : सेल्फ, डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), आणि कोणीतरी डॅशबोर्डला बसवलेलं फॅनचं एक बटण, त्याच्याकडे नंतर वळतो. डायनॅमोची जाड वायर काढली. मीटर शून्यावर.

०.३७ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास ९ अँपिअर-तास. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन दिवसांत निम्मी रिकामी, आणि निम्म्या बॅटरीनं त्या बुजलेल्या अर्थिंगमधून सेल्फ फिरवायचा. एकेकटा दोष कदाचित चालून गेला असता, दोघांनी मिळून गाडी उभी केली. पट्टी बदलली तेव्हा गाडी पटकन सुरू झाली म्हणून तिथेच थांबलो असतो तर पुढच्या महिन्यात पुन्हा ओसरीवर माणसं आणि सेल्फचा "टक".

डायनॅमोत करंट उलटा जाऊ नये म्हणून डायोड असतात. एक जरी गळायला लागला तरी बॅटरी रात्रभर डायनॅमोच्या वेटोळ्यांमधून रिकामी होते. खात्रीसाठी इंजिन सुरू करून, लाइट लावून, मीटर एसीवर घेतलं, कारण डायोड बिघडला की एसी बॅटरीपर्यंत झिरपतो : बॅटरीच्या खांबांवर ०.९ व्होल्ट एसी. निरोगी डायनॅमोत हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली असतो. चार्जिंगही जेमतेम १३.३.

२८ मे

डायनॅमो उतरवून दारव्ह्याला नेला. तिथे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. अँबेसिडर आणि जीपच्या काळापासून हेच काम. मी माझी वही पुढे केली तर त्यांनी सगळे आकडे नीट वाचले आणि मग डायनॅमो खोलला.

डायोड प्लेट सोडवून मीटरच्या डायोड खुणेवर एकेक तपासला. थंड असताना सगळे बरोबर दिसले. मी गोंधळलो. चाचांनी काही न बोलता सोल्डरिंग आयर्न प्लेटला टेकवून ठेवलं, प्लेट गरम झाली, आणि पुन्हा तपासलं. एक डायोड दोन्ही बाजूंनी करंट सोडत होता. "आपल्या हवेत गाडीचं पोट कधी थंड असते का?" एवढंच म्हणाले. गरम होऊन बिघडणारी वस्तू गरम करूनच तपासायची, हे मी तिथे शिकलो आणि मोटरीच्या कामातही वापरणार आहे.

प्लेट नवी, कार्बन ब्रश झिजून टोकाला आले होते तेही नवे, मागचं बेअरिंग वाजत होतं तेही. काच कागद फिरवून मोकळं व्हायची घाई त्यांच्या हातात कुठेच नव्हती. स्लिप रिंग (ब्रश घासतात त्या कड्या) इतक्या शांतपणे साफ केल्या की मी फक्त पाहत बसलो.

निघताना त्यांनी एक सांगितलं, ते इथे लिहून ठेवतो. चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून "इंजिन चालू राहिलं म्हणजे डायनॅमो चांगला" असं तपासणारे पुष्कळ आहेत. बॅटरी सुटली की डायनॅमोचं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि त्या उसळीत रेग्युलेटर नाही तर डायोड जातो. आमच्या गाडीवर हा प्रयोग झालेला आहे, मोठ्या बाबांना आठवतं.

घरी येऊन बसवला. आता १४.२ व्होल्ट, लाइट लावून १३.९. एसी ०.०४. उभ्या गाडीचा करंट ०.०३, तो टेपचा. ३५ च्या बॅटरीला एवढ्यानं काही होत नाही.

३० मे

पारा पंचेचाळीसच्या पुढे. फॅनचं बटण.

कधीतरी रेडिएटरचा फॅन आपोआप लागेनासा झाला. तेव्हा एका गॅरेजवाल्यानं थर्मोस्विच (इंजिन तापलं की फॅन लावणारा) पाहायच्या ऐवजी बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर ओढली, डॅशबोर्डला बटण दिलं आणि पैसे घेतले. वायर घरातल्या फिटिंगची, एक चौरस मिलिमीटर. वाटेत फ्यूज नाही. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून रबर न घालता नेलेली. पत्र्याच्या धारेनं वायरचं आवरण कापत आणलं होतं, तांबं दिसायला लागलं होतं. ते तांबं पत्र्याला टेकलं असतं तर अख्खी बॅटरी त्या वायरमध्ये रिकामी झाली असती, आणि मागच्या सीटवर पेशंट असताना गाडी पेटली असती. मला या एका कामाचा जितका राग आला तितका बाकी कशाचाच आला नाही. साठ-सत्तर रुपयांचा फ्यूज होल्डर आणि दोन रुपयांचं रबर.

सगळं उपटून काढलं. थर्मोस्विचचा कनेक्टर काढून त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं थेट जोडली तर फॅन फिरला. म्हणजे फॅन, फ्यूज, वायर शाबूत, गेला होता फक्त स्विच. नवा बसवला. इंजिन उभ्या उभ्या तापू दिलं, काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि फॅन आपणहून लागला, थोड्या वेळानं आपणहून थांबला. फॅनच्या टोकांवर १३.४ व्होल्ट.

२ जून

हेडलाइट.

इंजिन चालू, अप्पर लावलेला. बॅटरीवर १३.९, बल्बच्या कनेक्टरवर ११.१. वीस टक्के व्होल्टेज गायब. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार वेगानं उतरतो : दहा टक्के व्होल्टेज पडलं की उजेड तीस टक्के कमी, वीस टक्के पडलं की निम्म्याहून कमी. म्हणजे मोठे बाबा इतकी वर्षं अर्ध्या उजेडात पेशंट नेत होते.

गावातल्या पोरांचा सल्ला : शंभर वॅटचे बल्ब टाका, नाही तर एलईडी. शंभर वॅटचा बल्ब त्याच स्विचमधून दीडपटीहून जास्त करंट ओढेल. स्विच आधीच आतून पिवळा पडलेला आहे, तो वितळेल. एलईडीचा उजेड या जुन्या काचेत हवा तसा पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री बैलगाडी घेऊन येणाऱ्या माणसाचा विचार करायला नको का?

बल्ब ६०/५५ वॅटचे, तेच ठेवले. या गाडीत लाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जात होता. दोन रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, खांबाजवळच वीस अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून दीडची वायर प्रत्येक बल्बला वेगळी. जुन्या वायरी आता फक्त ८५-८६ ला, म्हणजे रिलेच्या कॉइलला. स्विचवर आता नाममात्र भार. बल्बचं अर्थिंगही नवं, जवळच्या पत्र्यावर घासून.

बल्बवर १३.५.

अंधार पडल्यावर शाळेच्या भिंतीपासून गाडी लांब उभी करून लाइटचा कोन बसवला, डिपरची रेघ खाली. मग मोठ्या बाबांना चालवायला दिली. नाल्याच्या वळणापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "वळनावरचं बोराचं झाड मले आज पहिल्यांदा रातच्यानं दिसलं."

५ जून

मागचे दिवे आणि उडणारा फ्यूज. याला सगळ्यात जास्त वेळ गेला.

अधूनमधून होणाऱ्या शॉर्टला फ्यूज घालत बसणं म्हणजे पैसा जाळणं. फ्यूजच्या जागी होल्डरसकट २१ वॅटचा बल्ब लावला. शॉर्ट झाला तर हा बल्ब भक्क पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे वायर जळत नाही आणि आपल्याला शोधायला हवा तितका वेळ मिळतो. पार्किंगचे सगळे दिवे होल्डरमधून काढले. आता सर्किटमध्ये काहीच नाही, तेव्हा माझा बल्ब विझलेलाच असायला हवा. विझलेला होता.

चुलत भावाला मागच्या बंपरवर उभं करून गाडी हलवायला सांगितलं. बल्ब लुकलुकला. म्हणजे फाटकाचा उंचवटा घरीच मिळाला. मग वायरिंग एका टोकापासून हातानं चाचपत निघालो. ड्रायव्हर सीटच्या मागे मॅटखाली हात गेला आणि बल्ब पेटून राहिला.

मॅट उचलली. खाली सरकीची टरफलं, कापसाचे बोळे, उंदराचं अख्खं बिऱ्हाड. गाडी गोठ्याच्या बाजूला उभी असते आणि गोठ्यात सरकीच्या ढेपीची पोती. उंदीर ढेपीसाठी येतो, पाऊस लागला की गाडीत राहतो. त्यानं चार वायरींचं आवरण सोललं होतं आणि त्यातली एक सीटच्या पट्टीच्या बोल्टाजवळ होती. गाडी दबली की तांबं बोल्टाला टेकत होतं.

सोललेला भाग कापला, नव्या मल्टीस्ट्रँड वायरचे तुकडे क्रिंप करून जोडले, वर गरम करून बसणारी स्लीव्ह. टेप वापरला नाही. आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळून वाहतो आणि दोन उन्हाळ्यांत टेप सुटतो. आधीच्या हातांनी नुसत्या पिळून टेप मारलेले जोडही मिळाले, तेही सगळे नवे केले. हार्नेस (वायरींचा जुडगा) बोल्टापासून दूर बांधला आणि वरून जाड नळी चढवली.

ब्रेक दाबल्यावर मिणमिणणारा इंडिकेटर : याचं कारण मला गाडीत बसण्याआधीच कळलं होतं, तरी मोजलं. मागच्या दिव्याच्या अर्थिंग वायरवर, ब्रेक दाबलेला असताना, बॉडीच्या तुलनेत ४.८ व्होल्ट. शून्याच्या जवळ हवं. परत जायची वाट नाही म्हणून ब्रेकचा करंट शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा वाट काढतो. डिकीचं अस्तर काढलं तर अर्थिंगच्या स्क्रूवर निळसर पांढरा थर. दर पेरणीला याच डिकीतून युरियाची पोती येतात. सांडलेला युरिया हवेतलं पाणी ओढतो, कुजून अमोनिया सुटतो, आणि अमोनिया तांबं-पितळ खातो. नुसता गंज असता तर थर तांबडा असता, निळा नाही.

डिकी गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. नवी थिंबल, नवी जागा, खालच्या पत्र्यापासून उंच. आता ०.०६.

मोठ्या बाबांना सांगितलं, युरिया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच आणायचा. त्यांनी मान डोलावली. मोठ्या आईनं ऐकलं आहे, त्यामुळे पाळलं जाईल.

९ जून

संध्याकाळी वादळ, थोडा पाऊस. एकच दोष राहिला आहे : उन्हात बंद पडणारं इंजिन.

सगळ्यांचं म्हणणं कार्बोरेटर. असेलही, पण पेट्रोल संपल्यासारखं गचके देऊन बंद पडत नाही, चावी काढल्यासारखं एकदम पडतं. हे लक्षण विजेचं. कॉइलच्या प्लसवरून एक वायर केबिनमध्ये आणून तिला छोटा बल्ब लावला आणि तो डॅशबोर्डवर चिकटवला. चावी चालू तर बल्ब चालू. मोठ्या बाबांना सांगून ठेवलं : इंजिन पडलं की चावीला हात न लावता आधी बल्ब पाहा.

१२ जून

मोठे बाबा दुपारी दिग्रसला गेले होते, बियाण्यासाठी. वाटेत बंद पडली. "पोट्टेहो, बल्ब आधी बारीक झाला अन् मंग गाडी बसली." याच्यापेक्षा चांगली नोंद मीही केली नसती.

इंजिन चालू असताना बॅटरी प्लस आणि कॉइल प्लस यांच्यामध्ये मीटर लावलं : २.६ व्होल्ट, आणि गाडी तापली तसा वाढत गेला. वाटेत दोनच संशयित, चावीचा स्विच आणि त्याचा कनेक्टर. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. कनेक्टरची एक खाच तपकिरी होऊन आक्रसलेली, आतली पितळी पकड सैल. सैल म्हणून गरम, गरम म्हणून आणखी सैल. उन्हानं शेवटचा धक्का द्यायचा.

स्विच उघडून पाहिला, आतले संपर्क चांगले. तो तसाच ठेवला. जळलेली पकड आणि वायरचा कडक झालेला तुकडा कापून नवं टर्मिनल घातलं. आता ०.३. गाडी उन्हात तास-दीड तास चालू ठेवली, आकडा तिथेच.

१७ जून

पावसाला सुरुवात झाली. मुदत पाळली गेली.

गाडी चार दिवस मुद्दाम चावी न लावता ठेवली होती. आज पहाटे बॅटरी १२.५८, पहिल्या सेल्फला सुरू. रात्री भर पावसात वायपर, अप्पर, फॅन सगळं एकदम लावून फाटकापर्यंत जाऊन आलो. सगळं चालू असताना १३.६. मागचे दिवे उंचवट्यावर टिकले.

वायरिंगचा नकाशा हातानं काढला : कोणता फ्यूज कशाचा, किती अँपिअरचा, रिले कुठे, नवी अर्थिंग कुठे. प्लास्टिक लावून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला, म्हणजे पुढचा मिस्त्री अंदाजानं वायरी कापणार नाही. जादा फ्यूज, २१ वॅटचा बल्ब आणि दहा नंबरचा पाना त्याच खणात.

गाडीची जागा बदलून ओसरीसमोर, गोठ्यापासून लांब. ढेप आता लोखंडी पिंपात.

राहिलेलं काम : पेट्रोलचा काटा कायम पाऊण दाखवतो. टाकीतला फ्लोट असावा, पण आधी त्याच्या अर्थिंगचं माप घ्यायचं आहे. हॉर्नला रिले द्यायचा आहे. दोन्ही डवरणीनंतर (कोळपणीनंतर). तोपर्यंत टाकीत किती पेट्रोल आहे ते मोठे बाबा किलोमीटर लिहून ठरवतील, त्यांना छोटी वही दिली आहे.